६६६, आधार आणि पंडिता रमाबाई: शेवटच्या दिवसांचं पुस्तक वाचायचं कसं?



मी राहतो पिरंगुटला आणि नोकरीला हिंजवडीत, म्हणजे दोन्हीकडे मुळशी तालुकाच. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या मोबाईलचा डॉक्टर मीच. कुणाचं स्टोरेज भरलं, कुणाचा ओटीपी येत नाही, की मला हाक. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मावशींनी अशीच हाक मारली. पण त्यांचा मोबाईल ठीक होता. अडलं होतं ते वेगळंच.

मावशी मराठी ख्रिस्ती, मूळच्या नगरकडच्या. त्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. आधार नंबर, अंगठ्याचा ठसा, क्यूआर कोड हे सगळं म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सांगितलेली पशूची खूण आहे, तिचा आकडा ६६६ आहे आणि ज्याने ती घेतली त्याचा देवाशी संबंध संपला, असं त्यात म्हटलं होतं. मावशींनी त्या धसक्याने रेशनच्या ई-केवायसीला अंगठा द्यायचंच नाकारलं होतं. मुलगा फोनवर ओरडत होता, कार्डावरून नाव कमी होईल अशी भीती होती, आणि मावशी रात्री झोपत नव्हत्या.

मी नेहमीसारखं म्हणून टाकलं की हे फेक आहे, डिलीट करा. त्यांनी शांतपणे विचारलं, ते पुस्तक तू वाचलंयस का? नव्हतं वाचलं. मग त्यांनी कपाटातून एक जाड, जुनं मराठी बायबल काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यांची आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली होती आणि हे भाषांतर रमाबाईंनीच केलेलं होतं. शाळेच्या पुस्तकात रमाबाई म्हणजे स्त्रीशिक्षण आणि शारदा सदन एवढंच मला आठवत होतं. त्यांनी अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून आजचा लेख रमाबाईंवर. त्यांच्या आयुष्यातून या ६६६ च्या भानगडीकडे कसं बघायचं तेही कळतं. चला, सुरुवातीपासून बघू.

पाठांतरावर वाढलेली मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ भागातल्या जंगलात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. बाईने संस्कृत शिकणं तेव्हा अधर्म समजलं जायचं. अनंतशास्त्रींनी ते न जुमानता बायकोला शिकवलं आणि आईने रमाला. हे कुटुंब या तीर्थाहून त्या तीर्थाला पायी फिरायचं, देवळात पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर जगायचं. भागवताचे हजारो श्लोक रमाला लहानपणीच पाठ होते.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून झालं. उपासमार इतकी झाली की वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. मजुरी करून पोट भरू असं सांगून मुलगा श्रीनिवासने त्यांना थांबवलं. तरीही १८७४ साली थोड्याच काळात वडील, आई आणि मोठी बहीण गेली. रमा आणि श्रीनिवास ही दोघं भावंडं उरली आणि हजारो मैल चालत राहिली.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात न बघता लग्न केलं. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. रमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या होत्या आणि त्यांचं जग दोनदा संपून झालं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला स्वतः वाचू द्या

१८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर शिक्षण आयोगासमोर साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात हे मांडलं. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते शिक्षण राहून गेलं. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. धर्म बदलला म्हणून रमाबाईंनी प्रश्न विचारणं बंद केलं नाही. चर्चने सांगितलं तेवढ्यावर एखादा सिद्धांत मानायला त्या तयार नव्हत्या. बायबलमध्ये तो कुठे आहे ते त्या विचारायच्या. ज्या सिस्टर्सनी त्यांना आधार दिला त्यांच्याशीही त्यांचे पत्रांतून कडक वाद झाले. क्रॉसवरची लॅटिन अक्षरं हा त्यातलाच एक मुद्दा. आपल्या देशातल्या बायकांना जी भाषा कळतच नाही ती पवित्र म्हणून का मिरवायची, असा त्यांचा रोख होता. बाईने संस्कृत ऐकू नये म्हणणाऱ्या समाजातून त्या आल्या होत्या. न कळणारी भाषा माणसाला कशी लांब ठेवते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

१८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे पुस्तक लिहिलं आणि भाषणं देऊन निधी जमवला. त्यातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथे विधवा मुली शिकू लागल्या. त्यातल्या काही रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, ख्रिस्ती धर्माकडे वळतात, यावरून १८९३ मध्ये मोठा वाद पेटला. केसरीने सडकून टीका केली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांच्या धर्मप्रचाराबद्दलची ही नाराजी नंतरही टिकली, हे सांगायलाच हवं.

केडगाव: दुष्काळ, छापखाना आणि खिळे

पुण्याच्या पूर्वेला दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगाव आहे. तिथे रमाबाईंनी जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बायका गोळा करून आणल्या, १९०० च्या सुमारास गुजरातेतूनही आणल्या. मुक्ती सदनात एका वेळी सुमारे २ हजार जणी राहू लागल्या. तिथे शेती होती, विणकाम होतं, अंध मुलींसाठी ब्रेल होतं. आणि छापखाना होता.

आज आपण गुगल कीबोर्डवर क्ष टाईप करतो आणि विसरतो. तेव्हा प्रत्येक अक्षरासाठी शिशाचा वेगळा खिळा असायचा, तोही आरशातल्यासारखा उलटा. देवनागरीत जोडाक्षरं आहेत, वर मात्रा, खाली उकार, बाजूला काना. त्यामुळे इंग्रजीला जितके खिळे लागतात त्याच्या कितीतरी पट जास्त लागायचे. ते एकेक करून ओळीत जुळवायचे, छापायचे, मग सुटे करून पुन्हा खणात ठेवायचे. हे काम मुक्तीतल्या मुली शिकल्या. काही वर्षांपूर्वी ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या मुली आता खिळे जुळवत होत्या.

१९०५: शेवटच्या दिवसांचा वेगळा अर्थ

आता आपल्या विषयाकडे येऊ. शेवटच्या काळाबद्दल बायबलमध्ये बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे. दानीएल, योएल आणि अगदी शेवटी प्रकटीकरण ही त्यातली मुख्य पुस्तकं. त्यांचा अर्थ लावायचा मोह भल्याभल्यांना झाला. गुरुत्वाकर्षणवाल्या न्यूटनने दानीएल आणि प्रकटीकरण यांच्या अभ्यासात वर्षानुवर्षं घालवली. २०६० हे साल त्याच्या कागदांत सापडतं. गंमत म्हणजे इतरांनी घाईने काढलेल्या तारखांना आळा बसावा म्हणून आपण हे मांडतोय असं त्याचं म्हणणं होतं. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी पीक शेतातच सोडलं. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला.

केडगावात याच धर्तीचा विषय वेगळ्या वाटेने आला. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसणाऱ्या मुलींचा गट केला. जूनमध्ये तिथे भावनेचं मोठं उधाण आलं. मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आपापल्या चुका सर्वांसमोर सांगू लागल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्याबद्दल पुस्तक लिहिलं आणि ही बातमी जगभर गेली. योएलच्या पुस्तकात असं आहे की शेवटी देवाचा आत्मा मुलांवर तसाच मुलींवर, दासांवर तसाच दासींवर ओतला जाईल. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात तोच भाग शेवटच्या दिवसांशी जोडला आहे. मुक्तीत जे घडलं ते या शब्दांच्या प्रकाशात पाहिलं गेलं.

यात दैवी काय आणि मानसिक काय, यावर मतं वेगवेगळी असतील. मला महत्त्वाचं वाटतं ते हे: शेवटच्या दिवसांचा तोच मजकूर कुणी तारीख काढायला वापरला, तर इथे दुष्काळातून वाचलेल्या, घरदार नसलेल्या मुलींनी त्यातून आपल्यालाही बोलायचा हक्क आहे असं घेतलं.

मूळ कोड वाचायचा हट्ट

मराठीत बायबल त्याआधीही होतं. विल्यम कॅरीने सेरामपूरहून १८११ मध्येच मराठी नवा करार छापला होता आणि पुढे इतर भाषांतरंही झाली. पण रमाबाईंच्या मते त्यांतलं मराठी संस्कृतने जड झालेलं होतं आणि काही शब्दांतून मुळात नसलेले अर्थ आत येत होते. केडगावच्या मुलींना ते कळत नव्हतं.

मग त्यांनी काय केलं? पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. इंग्रजीवरून मराठी करणं सोपं गेलं असतं, पण ते म्हणजे फॉरवर्डचा फॉरवर्ड. त्यांना मूळ सोर्स हवा होता. १९०५ च्या आसपास सुरू झालेलं हे काम त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळपास १७ वर्षं चाललं. भाषा शक्य तितकी साधी आणि अर्थ शक्य तितका मुळाला धरून, हा त्यांचा नियम होता. छपाई मुक्तीच्या छापखान्यातच, बायकांच्या हातांनी झाली.

आता ६६६ उघडून बघू

मावशींसोबत मी प्रकटीकरणाचा १३ वा अध्याय वाचला आणि मग दोन आठवडे शोधत बसलो. जे समजलं ते असं.

पुस्तकाचं ग्रीक नाव अपोकालुप्सिस. त्याचा अर्थ जगबुडी नाही. झाकलेलं उघड करणं, असा आहे. म्हणून मराठीत प्रकटीकरण हे नाव बरोबर बसतं. पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन साम्राज्याच्या काळात, योहान नावाच्या माणसाने पात्म बेटावरचे आपले दृष्टान्त यात सांगितले आणि ते आजच्या तुर्कस्तानातल्या ७ मंडळ्यांना पाठवले. तिथे सम्राटाची पूजा चालायची आणि ती न करणाऱ्यांना त्रास होता.

त्या अध्यायात अशी खूण आहे जिच्याशिवाय कुणाला खरेदी-विक्री करता येत नाही. मूळ ग्रीक शब्द खारागमा. व्यवहाराच्या कागदांवरच्या सम्राटाच्या शिक्क्यालाही हाच शब्द होता. म्हणजे त्या काळच्या वाचकाला बाजारात, नाण्यावर, कागदावर सम्राट रोज दिसत होता.

आणि ६६६? मोबाईलमध्ये प्रत्येक अक्षरामागे एक नंबर असतो, त्याला आपण युनिकोड म्हणतो. हिब्रू आणि ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहायचे, त्यामुळे नावाची बेरीज करता यायची. आपल्याकडेही कटपयादी नावाची अक्षरांतून आकडे सांगायची पद्धत होतीच. आता ग्रीक उच्चाराप्रमाणे नेरोन कैसर हे नाव हिब्रू अक्षरांत मांडा:

नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०. बेरीज ३०६.
कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ३६०.
एकूण ६६६.

गंमत पुढे आहे. काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ लिहिलेलं सापडतं. लॅटिन पद्धतीने नेरो म्हटलं की शेवटचा नून जातो, ५० कमी होतात, आणि उत्तर येतं ६१६. म्हणून बरेच अभ्यासक हा आकडा ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या नीरो सम्राटाकडे बोट दाखवतो असं मानतात. सगळे मानत नाहीत. काही जण हे पुस्तक पूर्णपणे भविष्याबद्दल आहे असं धरतात, काही त्यात चर्चचा सगळा इतिहास बघतात, तर काही चांगल्या-वाईटाच्या कायमच्या झगड्याचं चित्र. चारही वाटांवर श्रद्धाळू माणसं आहेत.

मग आधारचं काय? आधार हा १२ आकडी नंबर आहे. त्याचा शेवटचा आकडा आधीच्या ११ वरून गणिताने काढलेला असतो, टाईप करताना चूक झाली तर पकडायला. त्यात लपलेला ६६६ नाही. बारकोडमधल्या त्या तीन लांब जोडरेघांबद्दलही हीच अफवा असते. त्या रेघा ६ च्या खुणेसारख्या दिसतात, पण एका आकड्याला ७ घरं लागतात आणि या रेघांना ३ किंवा ५ च. स्कॅनरला कोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळावं म्हणून त्या असतात. तरी ही भीती फक्त मावशींची नाही. मिझोराममध्येही काही ख्रिस्ती लोकांनी याच कारणाने आधार नाकारल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपली माहिती कुणाकडे जाते हा प्रश्न विचारायलाच हवा, पण तो प्रायव्हसीचा प्रश्न म्हणून विचारावा.

१९२१: दोन टोकांना दोन शेवट

१६ एप्रिल १९२१ ला आमच्या मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या धरणात गावं आणि भाताची खाचरं जाणार होती. सेनापती बापट पुढे होते. सत्याग्रह हरला आणि गावं पाण्याखाली गेली. त्या शेतकऱ्यांना जगाचा शेवट कसा असतो ते विचारायला कुठलं भविष्य लागलं नसतं.

त्याच वर्षी, याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जुलैमध्ये रमाबाईंची मनोरमा गेली. आईनंतर मुक्तीचं काम तीच बघेल असं सगळे धरून होते. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या, कानाने अधू, तब्येत खालावलेली. भाषांतर संपत आलं होतं, प्रुफं तपासायची होती. त्या तपासत बसल्या. प्रकटीकरण हे बायबलचं ६६ वं, शेवटचं पुस्तक. त्याच्या शेवटच्या दोन अध्यायांत नवं शहर आहे, दुःख आणि मरण नसलेलं. आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक गेलेल्या बाईने तो मजकूर साध्या मराठीत आणला, हे डोक्यातून जात नाही.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं. ते त्यांनी पाहिलं नाही.

मावशींचं काय झालं?

मी मावशींना निकाल दिला नाही. नीरोची बेरीज कागदावर करून दाखवली, ७ मंडळ्यांबद्दल जे वाचलं ते सांगितलं. बाकी त्यांनी स्वतः वाचलं, पहिल्या अध्यायापासून बावीसाव्यापर्यंत, चष्मा लावून, चार दिवस. पाचव्या दिवशी रेशनच्या दुकानात मी सोबत गेलो. आयुष्यभर कामं करून रेषा झिजलेल्या, त्यामुळे अंगठा पटकन लागेना. तिसऱ्या वेळेला लागला.

त्यांची श्रद्धा जिथे होती तिथेच आहे. प्रभू परत येणार यावर त्यांचा विश्वास आहे आणि त्यावर मी काही बोलायचं कारण नाही. फक्त आता ग्रुपवर असा व्हिडिओ आला की त्या खाली एकच प्रश्न टाईप करतात: अध्याय कोणता, वचन कोणतं? बहुतेक वेळा समोरून उत्तर येत नाही.

तुमच्याकडेही असा फॉरवर्ड येईल, कुठल्याही धर्माचा. पाठवणाऱ्यावर हसू नका, त्याची भीती खरी असते. त्याच्यासोबत मूळ पान उघडा. रमाबाईंना त्यासाठी पन्नाशीत दोन भाषा शिकाव्या लागल्या होत्या. आपल्याकडे मूळ हिब्रू-ग्रीक शब्द अर्थासह दाखवणारी ॲप फुकट आहेत.

लेख उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या लेखात!